साहेबांचे गुडघे आणि स्कॉटलंडची हिरवळ

मी गोल्फ शिकलो तो कुवेतमधल्या अहमदीत, वाळूवर. तिथे कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा बरोबर घेऊन फिरायचं, चेंडू त्यावर ठेवायचा आणि मारायचा. आखलेल्या पट्ट्याबाहेर गेला, की मात्र थेट वाळूतूनच मारायचा; माझा बहुधा बाहेरच जायचा. शिकवलं माझ्या स्कॉटिश साहेबांनी. ते रोज खेळायचे आणि हा काही गोल्फ नव्हे, असं रोज सांगायचे. निवृत्त होऊन गावी परतल्यावर त्यांनी आम्हा नवराबायकोला बोलावलं. खरा गोल्फ बघून जा, म्हणाले.

त्यांच्या गावाजवळच्या एका उमरावाच्या जुन्या हवेलीचं आता हॉटेल झालंय. आम्ही कुवेतमधल्या आमच्या मंगफच्या जुलैतल्या उन्हातून तिथे पोचलो, तर खोलीत शेकोटी पेटवलेली. भिंतीवर हरणाचं मुंडकं होतं. बायकोने त्यावर शाल टाकली. "तो बघत असताना मला झोप यायची नाही," म्हणाली.

सकाळी साहेब काठी टेकत आले. त्यांचे गुडघे गेल्याचं आम्हाला ठाऊक नव्हतं. ते छोट्या गाडीत बसून बघणार आणि खेळणार मी एकटा. पहिल्याच फटक्याला चेंडू जागेवर राहिला आणि थाळीएवढं गवत मातीसकट उडालं. बायकोने ते उचलून आणलं, जागेवर बसवलं आणि पायाने दाबलं. असं बराच वेळ चाललं. मग माझा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. तिथून मी तो एका फटक्यात झेंड्यापाशी नेला. पुढच्या खड्ड्यातूनही तेच झालं. तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले की यापुढे नेम खड्ड्यांवरच धर.

उरलेले दिवस पावसामुळे दिवाणखान्यात गेले. साहेब अहमदीची चौकशी करत राहिले. कोणते बंगले पाडले, ऊन अजून तेवढंच असतं का. कुवेतमध्ये असताना याच उन्हाला ते शिव्या घालायचे. शेवटच्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "इथे माझे गुडघे कधी वाळतच नाहीत."

"मग आमच्याकडे या. महिनाभर राहा," ती म्हणाली.

ती शिष्टाचार म्हणून बोलली असेल, असं मला वाटलं. पण परतल्यावर तिने फोन करकरून त्यांना तिकीट काढायला लावलं. मार्चअखेर साहेब आले. आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. गुडघे खरंच सुधारले. मे लागला, तरी ते परतायचं नाव काढेनात. दुपारी लोखंडी कठडा हात लावू देत नसे. बायको त्यांना आत बोलवायची. अजून थोडा वेळ, म्हणायचे.