भिकाजींचं गाऱ्हाणं

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतला वन बेडरूम फ्लॅट, हॉलमधला चपलांचा रॅक बाल्कनीत सरकवला की मखराला जागा होते. पूजा आमचे हे मोबाईलवर बघून करतात, आरत्या सगळ्यांना पाठ असतात. पण गाऱ्हाणं घालायला माणूस लागतो. देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, ही आमच्या कोकणातली रीत. इथे ते काम भिकाजी परबांचं.

भिकाजी देवगडकडचे. आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली बेडस्पेस घेऊन राहतात. महिन्याला चारशे दिरहम, म्हणजे साडेनऊ हजार रुपये, फक्त एका पलंगाचे. अल कूजमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कारखान्यात काम. गाऱ्हाण्याचा त्यांचा एकच नियम होता, देवापुढे खोटं बोलायचं नाही. एका वर्षी ह्यांनी सांगितलं, "भिकाजी, घरात सगळं सुखात आहे म्हणा." तर म्हणाले, "म्हणलं असतं भावजी, पण तुमची भांडणं खालपर्यंत ऐकू येतात."

यंदा उन्हाळ्यात काच उचलताना त्यांची पाठ धरली. ऑपरेशन झालं, लांबलचक सिक लीव्ह झाली. मी डबा पाठवत होते. लीव्ह संपवून कामावर गेले आणि चारच दिवसांनी पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर आले.

"वैनी, सोडली नोकरी. खलास. किती वर्षं काचा उचलायच्या?"

"अहो, मग पुढे काय?"

"सुपरवायझरचं काम बघतो. वाकायला नको असं." पेढा हातात ठेवून ते लगेच उठले. मला वाटलं, पाठ दुखत असेल.

दोन-तीन दिवसांनी परत आले, आमच्या संजनाकडे. संजना नववीत आहे. इथे नोकरी गेलेल्याला विम्यातून तीन महिने थोडाफार पगार मिळतो, त्याचा हप्ता सगळेच भरतात. तो अर्ज तिनं मोबाईलवर भरून दिला. आठवड्याभरात नकार आला.

"काका, यू रिझाइन्ड," संजना म्हणाली. "दे डोंट पे फॉर दॅट."

"असू दे, असू दे," भिकाजी म्हणाले, आणि पाणीही न पिता गेले.

रात्री जेवताना हे म्हणाले, "स्वतः लाथ मारली आणि वर विमा मागतोय! कमाल आहे." माझ्या मात्र ते मनात राहिलं. भिकाजी फुकटचं मागणारा माणूस नाही. व्हिसा कॅन्सल झालेला, राहायची मुदत थोडी. विमा मिळाला तर फिजिओथेरपी पुरी करून दुसरं काम शोधता येणार होतं. नाही तर तिकीट काढून घरी. शेचाळिसाव्या वर्षी, पाठीवर टाके घेऊन, परत कोण बोलावतंय?

गणपती आले. आरती झाली. भिकाजी नारळ घेऊन हळूच पुढे उभे राहिले.

"बा देवा गणपती म्हाराजा, आज जो काय ह्यो नारळ तुझ्या पुढ्यात ठेयलेलो हा, तो मान्य करून घे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"ह्या घरात तुझी सेवा करतत, त्यांका सुखात ठेव म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

हे मागून हळूच म्हणाले, "आता स्वतःसाठी पण मागा की. नोकरी सोडलीय, चांगली दुसरी दे म्हणावं."

समईची वात चुरचुरत होती. भिकाजींनी नारळ पुन्हा सारखा केला.

"आणि ह्यो भिकाजी," ते म्हणाले. "ह्यो सगळ्यांका सांगता, नोकरी सोडलंय म्हणान. ह्येणा सोडूक नाय म्हाराजा. ह्येका कामावरसून काढल्यानी."

कोणी 'होय' म्हणालं नाही. म्हणणार तरी कसं? सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. मग दारापाशी उभा असलेला मिथुन बोलला. मिथुन चिपळूणचा, भिकाजींचा रूममेट, त्याच कारखान्यात कटिंग मशीनवर.

"होय म्हाराजा," मिथुन म्हणाला. एकटाच, पण खणखणीत.

प्रसाद वाटून पाहुणे गेल्यावर ते दोघं थांबले. कामावरून काढलं त्या दिवशी जिना चढताना आधार द्यायला मिथुन बरोबर गेला होता, म्हणून तो एचआरच्या केबिनमध्ये होता. मॅनेजरनं स्वच्छ सांगितलं होतं, "अब तुमसे वजन नहीं उठेगा, तो हम नहीं रख सकते. लेकिन टर्मिनेट लिखेंगे तो आगे कौन लेगा? रिझाइन कर दो भिकाजीभाई, इज्जत रहेगी."

"आणि तुम्ही सही केलीत?" ह्यांनी विचारलं.

"केली. वर पेढे वाटले. काढलं म्हटल्यावर गावात काय म्हणतात ठाऊक आहे ना भावजी? चोरी केली असेल, म्हणतात."

ह्यांनी मान खाली घातली.

संजनानंच लेबर खात्याकडे मोबाईलवरून तक्रार टाकली. सुनावणी फोनवर झाली, भिकाजी आणि मिथुन आमच्या डायनिंग टेबलापाशी बसले होते. एका बाजूला अधिकारी, त्यांचा हिंदी दुभाषी, दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस. तो म्हणाला, "सर, इसने खुद मिठाई बाँटी. पूरे फ्लोअर पर."

भिकाजींनी देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं. "हाँ साहब, बाँटी. झूठ बोला मैं. शरम के मारे. मुझे निकाला है."

मग अधिकाऱ्यानं विचारलं, त्या वेळी आणखी कोणी होतं का? मी मिथुनकडे बघूच शकले नाही. त्याची नोकरी तिथेच, लग्न तोंडावर आलेलं. मनात म्हटलं, देवा, ह्याला पण सांभाळ रे.

"मैं था सर," मिथुन म्हणाला. आणि केबिनमधलं सगळं सांगितलं, शब्द न शब्द.

कंपनीनं थोडी ओढाताण केली, पण पुढच्या सुनावणीआधी राजीनामा रद्द करून कामावरून कमी केल्याची नोंद करून दिली. विम्याचा अर्ज पुन्हा गेला आणि मंजूर झाला. मिथुनला मात्र कटिंगवरून काढून लोडिंगला टाकलं. तो हसून म्हणतो, "आता माझी पाठ." मला हसू येत नाही.

मंजुरीचा मेसेज आला त्या दिवशी भिकाजींनी आमच्याच घरून बायकोला फोन लावला. गावी नर्मदावहिनींनाही त्यांनी 'सोडली' असंच सांगितलं होतं. फोन स्पीकरवर होता. मी आत जाऊ लागले, तर हातानंच थांबा म्हणाले.

"नर्मदा, ऐक. माका काढल्यानी कामावरसून. मी सोडूक नाय."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज. मग वहिनी म्हणाल्या, "माका त्याच दिवशी कळलेला. आपणहून नोकरी सोडलेलो माणूस असो बोलणा नाय."

"मगे इचारलंस कित्याक नाय?"

"तुम्ही सांगतलास तर ऐकूचा, म्हणान गप ऱ्हवलंय. पाठ कशी हा?"

भिकाजी खुर्चीत सावकाश मागे टेकले. ऑपरेशनपासून मी त्यांना असं टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बरी हा," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाय, दुखता गे अजून."