केकला विचारून घेतलेली गाडी

आमच्या बोत्शाबेलो गावात लग्न ठरलं की घरचे आधी पाद्रीकडे जातात आणि तिथून थेट म्मे दिपुओच्या, म्हणजे दिपुओबाईच्या, दारात केक सांगायला येतात. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आजाऱ्यांसाठी लापशी ढवळण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. केकचा नाद तिला तिथंच लागला. कुणा डॉक्टरीणबाईनं टाकून दिलेल्या मासिकातली चित्रं बघून ती क्रीमची फुलं काढायला शिकली, आणि निवृत्त झाल्यावर तिनं घरातच भट्टी मांडली. मी तिची शेजारीण; मला ती आउसी, म्हणजे ताई, म्हणते. केक गाडीत असला की मागच्या सीटवर बसून त्याच्यावर नजर ठेवायची, हे माझं काम.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, शेजारच्या थाबा न्चू गावातल्या एका लग्नात आमची फजिती झाली. तिची जुनी गाडी म्हणजे चार चाकांवरचा डबा, एसीचं नाव नाही. नवरीचा मामा यायचा होता म्हणून सगळे खोळंबले. आम्ही झाडाखाली गाडी लावून बसलो आणि मी भजनाच्या पुस्तकानं केकला वारा घालत राहिले. मामा आला तोवर खालच्या थराचं क्रीम ओघळलं होतं आणि वरचा थर दारू प्यायल्यासारखा झुकला होता. नवरीची आई चांगली बाई. तिनं हळूच केकची ती बाजू भिंतीकडे वळवून ठेवली. पण तेच दिपुओला लागलं. घरी परतून फाटकाशी गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "आउसी, आता नवी गाडी. आणि उभी असतानाही एसी चालेल अशी."

"म्हणजे हायब्रीड," तिचे यजमान न्ताते सेलो, म्हणजे सेलोबाबा, दारातूनच म्हणाले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, यंत्राचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उजळतो. "इंजिन बंद ठेवून बॅटरीवर गार हवा. मध्येच इंजिन आपलं आपण जागं होतं, बॅटरी भरतं, परत झोपतं."

"तुमच्यासारखंच," दिपुओ म्हणाली आणि आत गेली.

मार्चमध्ये आम्ही तिघं ब्लूमफॉन्टेन शहरातल्या शोरूममध्ये गेलो. लिझेल नावाच्या पोरीनं एकाच गाडीची तीन रूपं समोर उभी केली. बेस मॉडेल, मधलं आणि टॉप. मग ती बोलायला लागली. यात हे आहे, त्यात ते नाही, हे वेगळं बसवून मिळतं, ते कारखान्यातूनच यावं लागतं. न्ताते सेलो टॉप मॉडेलच्या काचेच्या छपराखाली मान वर करून असे बसले, जणू आभाळ पहिल्यांदाच दिसत होतं.

दिपुओनं सगळं शांतपणे ऐकलं. "पोरी, छान सांगितलंस," ती म्हणाली. "पण यातलं माझ्या केकला काय मानवेल?"

लिझेल माहितीपत्रक चाळायला लागली. त्यात केकचं कुठं काय असणार? म्हणून पुढच्या खेपेला आम्ही केक घेऊनच गेलो. तीन थर, वर पांढरी फुलं.

"कुणाचा वाढदिवस आहे, म्मे?" लिझेलनं विचारलं.

"कुणाचा नाही. हा गाडी बघायला आलाय."

शोरूममधली सगळी माणसं जमली. आम्ही मागच्या सीट पाडून केक सपाट जागेवर ठेवला, मी त्याच्या शेजारी मांडी घातली आणि दिपुओनं स्टीअरिंग हातात घेतलं. आधी बेस मॉडेल. चालायला लोण्यासारखं, पण मागच्या बाजूला गार हवेची झडपच नव्हती. उन्हात थोडा वेळ उभं राहिल्यावर मी क्रीमला बोट लावलं तर बोट आत गेलं. मधल्या मॉडेलला मागेही झडपा. इंजिन बंद, बाहेर ऊन रणरणतंय आणि मला शाल घ्यावीशी वाटतेय! शोरूममागच्या खड्ड्यांतूनही फुलाची एक पाकळी हलली नाही.

मग टॉप मॉडेल. गारवा तोच, पण चाकं मोठी, चकचकीत, आणि त्यांच्यावरचे टायर पातळ. त्याच खड्ड्यांच्या रस्त्याला लागलो मात्र, प्रत्येक दणका माझ्या कण्यातून केकमध्ये गेला. वरचा थर दोन बोटं सरकला.

"झालं," दिपुओ म्हणाली. "मधलं घ्यायचं."

आम्ही आत येऊन बसलो. तोच केक कापून सगळ्यांना वाटला. लिझेलनं खाता खाता सहज विचारलं, "म्मे, केकचं झालं. तुम्हाला स्वतःला काय हवंय गाडीत?"

दिपुओ हसली. "मला? मला काय हवं असणार?"

"इकडे ये," न्ताते सेलोंनी तिला हाताला धरून टॉप मॉडेलमध्ये बसवलं आणि एक बटण दाबलं. थोड्याच वेळात सीट खालून, पाठीमागून गरम व्हायला लागली. इस्पितळात सिमेंटच्या फरशीवर उभं राहून राहून दिपुओची कंबर कायमची धरलेली. थंडीत तर पहाटे तिला उठवत नाही. तिनं डोळे मिटले. बराच वेळ ती उतरलीच नाही.

"हीच सीट मधल्यात बसवून मिळेल?" तिनं विचारलं.

"नाही ना, म्मे," लिझेल म्हणाली. "गरम सीट, काचेचं छप्पर आणि ती चाकं, तिन्ही एकत्रच येतात."

"म्हणजे एक तंगडी हवी तर अख्खी कोंबडी घ्यायची?"

"पिसांसकट," न्ताते सेलो म्हणाले.

घरी आल्यावर तोच विषय. जास्तीचे पैसे द्यायला ती तयार होती, अडत होतं ते त्या चाकांपाशी. मी म्हटलं, मधलं घे आणि कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी ठेव. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला उठले. न्ताते सेलो म्हणाले, "सगळ्यांच्या लग्नात उभी राहिलीस. आता जरा ऊब घेऊन बस की."

"आणि केक सरकला की तो तुम्ही धरणार?"

शेवटी तिनं मन घट्ट केलं आणि मधलं मॉडेल सांगायला आम्ही परत गेलो. तिथं कागिशो नावाचा एक तरुण गणिताचा मास्तर होता. मधल्या मॉडेलचे पैसे त्यानं आदल्याच दिवशी भरले होते, पण उभा होता टॉप मॉडेलच्या चाकावरून हात फिरवत, वासराला गोंजारावं तसा.

"फक्त ही चाकं असती माझ्या गाडीला!" तो लिझेलला म्हणत होता. "बाकी काही नको."

दिपुओ जागच्या जागी थांबली. "बाळा, राहतोस कुठं?"

"इथंच, म्मे, शहरात."

"रस्ता?"

"डांबरी. गुळगुळीत."

"मग मी टॉप मॉडेल घेते. तुझी चाकं मला दे आणि माझी तू घे."

लिझेलनं कपाळाला हात लावला. "म्मे, असं कुणी करत नाही!"

"करत नाहीत की करता येत नाही?"

लिझेल तडक मागच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि मुख्य मेकॅनिकला घेऊन आली. त्यानं डोकं खाजवलं, पुस्तक उघडलं, मग सांगितलं की या गाडीला दोन्ही मापं चालतात, फक्त कागदावर तशी नोंद हवी. कागिशो आनंदला, पण लगेच ओशाळलाही. "म्मे, तुमची चाकं महाग आहेत. वरचे पैसे?"

"लग्न झालंय तुझं?"

"ऑक्टोबरात आहे."

"केक कुणाकडे सांगितलास?"

"अजून कुणाकडे नाही."

"सांगितलास. माझ्याकडे. वरचे पैसे त्यातच फिटले. आणि तीन थरांखाली घ्यायचा नाही."

शोरूममध्ये हशा पिकला. कागिशोनं दोन्ही हातांनी तिचा हात धरला. रंगाचं मात्र तिनं कुणालाच विचारलं नाही, केकलासुद्धा नाही. लाल घेतली.

जुलैत, ऐन थंडीत, लेडीब्रँड गावाला पहिला मोठा केक गेला. गवतावर बर्फासारखं दव होतं आणि दिपुओ गाणं म्हणत गाडी चालवत होती. हॉलपाशी पोचल्यावर गरम सीटला पाठ टेकून म्हणाली, "आउसी, तू उतर आणि त्यांना बोलाव. मी इथंच बरी आहे." काचेच्या छपराखाली सरकता पडदा आहे. केक असला की तो बंद ठेवायचा, असा घरात कायदाच झाला. ऑक्टोबरात कागिशोचा केक ताठ उभा राहिला आणि त्याच्या सासूनं तो मांडवाच्या मधोमध ठेवला. त्या दिवशी दिपुओ दोन वेळा नाचली.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही बाई कामाशिवाय कधी फाटकाबाहेर पडली नव्हती. हल्ली मंगळवारी, भट्टी बंद असते तेव्हा, ती न्ताते सेलोंना बाजूला बसवते, कोपऱ्यावरून गरम माग्विन्या, म्हणजे मैद्याचे गोळे, तळून घेते, छपराचा पडदा उघडते आणि दोघं धरणाकडे निघतात. परवा मी कुंपणावरून विचारलं, "कुणाचं लग्न गं?"

"कुणाचं नाही," ती म्हणाली, आणि एक माग्विन्या माझ्या हातावर ठेवून निघून गेली.