भरल्या पॅन्ट्रीसमोर उपाशी तात्या

तात्यांनी तिसऱ्यांदा ‘नको’ म्हटलं आणि वैशाली शिकवल्याप्रमाणे हसून मागे सरली. कोपऱ्यात बसलेल्या कुरियन मॅडमनी टॅबवर काहीतरी टिपलं. पॅन्ट्रीच्या मागच्या दाराच्या काचेतून मी हे सगळं बघत होतो. तात्यांची नजर केळ्यांवरून हलत नव्हती.

खोली जहाजावरच्यासारखी सजवली होती, पण हे जहाज नव्हतं. बारामतीत एस.टी. स्टँडजवळ आमची इन्स्टिट्यूट आहे, तिच्या वरच्या मजल्यावरची ही खोली. मी बरीच वर्षं क्रूझवर सुइट बटलर होतो. म्हणजे जहाजावरच्या सगळ्यात महागड्या खोल्यांमध्ये उतरलेल्या लोकांची बडदास्त ठेवायची. आता तेच काम मुलांना शिकवतो. त्यासाठी हुबेहूब सुइट उभा केलाय. पलंग आहे, सोफा आहे, बाल्कनी आहे. बाल्कनीतून समुद्राऐवजी भिगवणची गाडी दिसते.

आणि पॅन्ट्री आहे. पॅन्ट्री म्हणजे खोलीतलंच छोटं स्वयंपाकघर, पण त्यात शेगडी नसते, कारण जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची. फ्रीज, कॉफी मशीन, ज्यूस, सुकामेवा, बिस्किटं, फळांची टोपली. जहाज हलतं, म्हणून फळ्यांना पुढून कठडा आणि ड्रॉवरला खटका असतो. शिवाय अंघोळीनंतर घालायचा झगा, सपाता, कोणती उशी हवी याचं चक्क मेनूकार्ड. या सगळ्याला अ‍ॅमेनिटीज म्हणतात. त्यांचे पैसे भाड्यातच धरलेले असतात. पाहुण्याला ते सगळं आपलं वाटायला लावणं हे बटलरचं काम.

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये ते सगळ्यांनाच आपलं वाटतं, ही माझी अडचण. संचालकांकडे कुणी आलं की शिपाई वर येतो. “सर, बदाम द्या, साहेबांचं पाव्हणं आलंय.” एकदा मी मुलांना मिनीबार दाखवायला फ्रीज उघडला, तर वाइनच्या जागी संचालकांच्या म्हशीचा चीक ठेवलेला.

तर त्या दिवशी परीक्षा होती. कुरियन मॅडम जहाज कंपनीसाठी मुलं निवडायला आल्या होत्या. मूळच्या केरळच्या, मराठी अजिबात येत नव्हतं. आमच्याकडून त्या एकच मुलगी घेऊन बघणार होत्या. ती पसंत पडली नाही तर पुन्हा बारामतीला येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी वैशालीचं नाव दिलं. वैशाली डाळजची. हायवेवरच्या हॉटेलातली चालू नोकरी सोडून ती या कोर्सला आली होती, तेही माझ्या भरवशावर.

पाहुणा म्हणून मी एक निवृत्त बँक अधिकारी ठरवले होते. इंग्रजी बोलणारे, परदेशी जाऊन आलेले. सकाळी संचालकांचा फोन.

“त्यांना नका बोलवू. आमचे मामा आलेत सणसरहून, डोळे तपासायला. दुपार मोकळीच हाय त्यांची.”

“सर, मॅडम जहाजावरच्या पद्धतीने बघणार. तिथं...”

“पाव्हणा तो पाव्हणा असतो ओ. मामांनी उभ्या जन्मात कुणाला नावं ठेवली न्हाईत.”

हे मामा म्हणजेच तात्या. कडक इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, डोळ्यांत दवाखान्यातले थेंब. जवळचं काही दिसत नव्हतं. उशांचं मेनूकार्ड त्यांनी उलटं धरलं.

माझ्या वर्गात एक नियम होता. पाहुण्याने ‘नको’ म्हटलं की विषय संपला. जहाजावरच्या लोकांना पुन्हा विचारलेलं खपत नाही. मी नवीन असताना एका बाईंना ‘घ्याच थोडा’ म्हणून केक वाढला होता आणि माझी तक्रार वरपर्यंत गेली होती. त्यामुळे आग्रह हा प्रकार मी वर्गातून हद्दपार केला होता. “सर, पाव्हणा लाजत असंल तर?” असं वैशालीनेच एकदा विचारलं होतं. “लाजला तरी नको म्हणजे नको,” मी तिच्यावर खेकसलो होतो.

परीक्षा सुरू झाली.

“तात्या, चहा, कॉफी की ज्यूस आणू?”

“नको नको. कशाला तरास.”

“पाणी देऊ?”

“नको, आत्ताच पिऊन आलो.”

तिने पॅन्ट्री उघडून दाखवली. “हे सगळं तुमच्यासाठी आहे. केव्हाही घ्या.”

“आसू दे, आसू दे. छान हाय.”

“उशी कशी आवडेल? मऊ की कडक?”

“दिवसाढवळ्या उशी? मी काय आजारी हाय व्हय?”

मग तिने फळांचं विचारलं. तोच तो तिसरा ‘नको’.

मी स्वतः इंदापूर तालुक्यातला, तात्या आणि वैशालीही तिथलेच. आमच्याकडे पहिला नको हा नको नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण मॅडमच्या टॅबवर ‘नकाराचा मान राखते का’ असा रकाना होता आणि मला तो माहीत होता. म्हणून मी वैशालीला खूण केली नाही. एका म्हाताऱ्या माणसाला केळ्यांसमोर उपाशी बसवून मी मार्कांचा विचार करत होतो. हे लिहितानाही बरं वाटत नाहीये.

शेवटी मॅडमनी मला आत बोलावलं. “त्यांना विचारा, सर्व्हिस कशी वाटली.”

मी विचारलं. तात्या जणू वाटच बघत होते.

“पोरगी गुणाची हाय. पर मास्तर, तुमच्या हितं सुतक हाय का काय? खायाचं एवढं मांडून ठिवलंय आन् घ्या म्हनाया कुनी न्हाय. मी काय आपल्या हातानं उचलून खाऊ? चोर हाय व्हय मी? सकाळधरनं दवाखान्यात रांगंला हुतो, पोटात कण न्हाय.”

“काय म्हणाले?” मॅडमनी विचारलं.

“अगदी आरामात आहेत म्हणाले,” मी इंग्रजीत सांगितलं.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने कधी पाहिलं नव्हतं. मग ती पॅन्ट्रीकडे गेली, खटका दाबून ड्रॉवर उघडला, बिस्किटं काढली, कॉफी मशीनच्या गरम पाण्यात चहा केला, केळं सोललं आणि सगळं ताटलीत घालून तात्यांसमोर धरलं.

“नको गं पोरी...”

“नको बिको काय न्हाय तात्या. केळं सोललंय, आता ते सालीत परत जायचं न्हाय. धरा.”

“आता सोललंच हाईस तर...” तात्या हसले. “कुठली गं तू?”

“डाळजची.”

“मग आदी सांगायचं न्हाय व्हय?”

त्यानंतर तात्यांनी टोपली रिकामी केली. मॅडम टॅबवर टिपत राहिल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या मते वैशालीची नोकरी गेली होती, आणि ती मी घालवली होती.

खाली ऑफिसात मॅडमनी निकाल सांगितला. ‘नकाराचा मान’ या रकान्यात शून्य. त्याच्याच खाली ‘न सांगता गरज ओळखते का’ असा दुसरा रकाना होता, त्यात पूर्ण मार्क. तो मी कधी वाचलाच नव्हता.

“मुलगी घेतेय मी,” त्या म्हणाल्या. “पण मला एक सांगा. उपाशी माणूस ओळखायला मराठी कशाला यायला पाहिजे? तुम्ही मला खोटं का सांगितलंत?”

त्यांच्या रिपोर्टमध्ये माझ्याबद्दल एक ओळ आहे: प्रशिक्षक म्हणून ठीक, दुभाषी म्हणून वापरू नये.

तात्या संचालकांच्या केबिनमध्ये गाडीची वाट बघत बसले होते. मला राहवेना. बाहेरून चहा आणि भजी मागवली आणि स्वतः त्यांच्यापुढे ठेवली.

“नको मास्तर.”

“घ्या हो तात्या.”

“नको म्हनलं ना.”

“असं कसं? थोडंसं तरी घ्याच.” मी कप त्यांच्या हातात दिला.

तात्यांनी तो टेबलावर आदळला. “आरं, न्हाय म्हनलं की न्हाय म्हनलं! नरड्यापतूर झालंय. तुमच्यात मानूस बघून इचारायची रीतच न्हाय का?”

दारात वैशाली पदव्युत्तर शिक्षण घेतल्यासारखी गंभीर उभी होती. मग तिला हसू आवरेना.

पुढच्या बॅचसाठी मी नियम बदलला. ‘नको’ ऐकलं की आधी पाहुण्याची नजर कुठे आहे ते बघायचं. पहिल्याच तासाला एकीने विचारलं, “सर, आन् नजर खाली असंल तर?” याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आणि बदाम पुन्हा संपलेत.