बुधवारी दहाचा फोन

शैला गेल्याचं मला फोनवर कळलं, तेही इंग्रजीत. तिच्या मुलीला मराठी येत नाही. तिने सांगितलं आणि मी सवयीने म्हणाले, "प्लीज, से अगेन." पोरीला आई गेल्याचं परत सांगावं लागलं. खरं तर मला पहिल्याच वेळी समजलं होतं... ही सवय शैलानेच लावली. समजलं तरी एकदा परत म्हणायला लावायचं, म्हणजे घोटाळा होत नाही.

लीड्सच्या लायब्ररीत ती आम्हा बायकांना इंग्रजी शिकवायची. यजमान वारल्यावर मी तिथे जाऊ लागले. दवाखान्यात स्वतः फोन करता आला नसता, तर मुलगा मला त्याच्याकडे एडिनबराला घेऊन जाणार होता आणि मला माझं घर सोडायचं नव्हतं. शैला प्रत्येकीला वेगळा कागद द्यायची. पोलंडच्या मुलीला नोकरीचा फॉर्म, सोमालियाच्या बाईला मुलांच्या शाळेतून आलेलं पत्र. मला काहीच नाही. मी म्हटलं, "मला कागद का नाही? चौथी पास आहे मी."

"काकू, तुम्हाला वाचता येतं. अडतं कुठे ते सांगा."

"फोनवर. समोरच्याचं तोंड दिसत नाही."

मग दर बुधवारी दहाला ती घरून फोन करायची, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट होऊन. भराभर बोलायची, मध्येच ताटकळत ठेवायची. मी मराठीत शिरले की नुसतं "सॉरी?" फोन ठेवला की पाच मिनिटांनी दुसरा फोन, तो मराठीत, चुका सांगायला.

"काकू, रिसेप्शनिस्टला कोणी गप बस म्हणतं का?"

"ती ऐकत नव्हती."

"तिला मराठी कळत नाही म्हणून वाचलात."

शैला गोड होती, असं आता सगळ्या म्हणतात. गोड नव्हती. कधी शाब्बास म्हणाली नाही. मी खरी अपॉइंटमेंट घेतली, मुलाने एडिनबराचं नाव सोडलं, तेव्हाही म्हणाली, "जन्मतारीख बरोबर सांगितलीत ना?" पण बुधवारचा फोन तिने बंद केला नाही. गरज तर संपली होती... मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

घर राहिलं. मुलगा रविवारी फोन करतो.

परवा बुधवारी दहाला फोन वाजला. खऱ्या दवाखान्यातली बाई होती. शैलापेक्षा सावकाश बोलली. मी नाव, जन्मतारीख सगळं नीट सांगितलं, वेळ परत म्हणायला लावली. फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले, दुसऱ्या फोनची वाट पाहत.