मान टाकलेली चाळीस रोपं

रोप एका मातीतून दुसऱ्या मातीत हलवणं हे काम मला येतं. यात उगाच विनय दाखवण्यासारखं काही नाही. आईची नारायणगावजवळ भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू. मी सातवीत असल्यापासून सुट्टीत तिच्या हाताखाली ट्रे भरले, रोपं काढली, गिऱ्हाइकांच्या टेम्पोत चढवली. पुढे शेतकीची पदवी घेतली, मग इथे अमेरिकेत येऊन मास्टर्स केलं आणि बॉथेलजवळच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले.

कंपनी हेंपच्या जाती तयार करते. हेंप म्हणजे गांजाचीच वनस्पती, पण नशा होईल इतकं द्रव्य तिच्यात नसतं. खोडापासून धागा काढतात. सरकारी परवाना असतो, पानांची तपासणी होते, सगळं कायदेशीर. तरी मी व्हिसावरची मुलगी, म्हणून नोकरी घेण्याआधी वकिलाला दोनदा विचारलं होतं. घरी मात्र एवढंच सांगितलं, की अंबाडीसारखं एक धाग्याचं पीक आहे.

ग्रीनहाऊस सांभाळणारा माणूस साठीचा होता. उंच, पाठीत थोडा वाकलेला. तरुणपणी त्याने जंगलात लपवून गांजा लावला होता आणि त्यासाठी दोन वर्षं तुरुंगात काढली होती. पहिल्याच दिवशी त्याने हे स्वतःहून सांगितलं. म्हणाला, "दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक." मला तो तिथेच आवडला.

मार्चमध्ये एका नव्या जातीची चाळीस रोपं तयार झाली. तेवढीच होती. त्या बियाण्यातलं दुसरं काही शिल्लक नव्हतं. आधीच्या वर्षी याच टप्प्यावर निम्मी रोपं हलवताना बसली होती, म्हणजे मेली नव्हती, पण महिनाभर वाढलीच नाहीत. या वेळी काम कोणी करायचं यावर मीटिंग झाली आणि मी म्हणाले, "मी करते."

मी सगळं आईच्या पद्धतीने केलं. नवी माती दोन दिवस आधी आत आणून ठेवली, म्हणजे गार मातीचा मुळांना दणका बसू नये. ती आधीच ओलसर करून घेतली. मुठीत दाबली की गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकीच. रोपांना आदल्या संध्याकाळी पाणी दिलं. दुपार कलल्यावर रोपाचा एकेक छोटा कप उलटा करून, खोडाला हात न लावता, मातीच्या गोळ्यासकट रोप तळहातावर घेतलं. गोळ्याच्या कडेला पांढरी मुळी दिसत होती, दाट आणि ताजी. कुंडीत जेवढ्यास तेवढा खड्डा, रोप पहिल्याइतकंच खोल, वरून हलकं दाबलं, कडेने पाणी. खत नाही. वर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, ओढलं. म्हातारा शेजारी उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "तुझे हात घाई करत नाहीत." मी घरी जाऊन छान झोपले.

सकाळी आठ वाजता आत गेले तर चाळीसच्या चाळीस रोपांनी मान टाकली होती.

पानं खोडाला चिकटून लोंबत होती. म्हातारा माझ्या आधी आला होता. पाण्याचा पाइप त्याच्या हातात होता.

"पाणी देऊ?"

"नको." मी एक कुंडी उचलून पाहिली. जड होती. "पाणी आहे. आणखी दिलं तर मुळं गुदमरतील."

"मग काय झालं?"

ते मला सांगता येईना. पण माझी चूक कुठे आहे हे न कळता काहीतरी करत सुटणं हे त्याहून वाईट, एवढं मला पक्कं माहीत होतं. म्हटलं, "पाच मिनिटं दे." आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेआठ वाजले होते, ती जेवायला बसली होती.

"आई, रोपं बघ. काल चार वाजता लावली. कुंडी जड आहे, माती कोमट आहे, मुळी चांगली होती."

तिने घास खाली ठेवला आणि चष्मा लावला. मी फोन पानाजवळ नेला.

"अगं, हा गांजा आहे."

"आई, नशेचा नाही हा. मी तुला नंतर..."

"मला पान ओळखता येतं. आपण नंतर भांडू. फोन वर कर. वर काय आहे?"

मी फोन वर केला.

"शेडनेट कुठाय?"

"ते काय, वर."

"आणि दिवे?"

मी बघितलं. दिवे शेडनेटच्या खाली टांगलेले होते. या झाडाला दिवस लांब लागतो, नाहीतर ते अवेळी फुलावर येतं, म्हणून दिवे रोज अठरा तास चालतात. मी सूर्याला अडवलं होतं आणि मार्चमध्ये बॉथेलला सूर्य असतोच किती? रोपं जुन्या, तापणाऱ्या दिव्यांखाली रात्री उशिरापर्यंत आणि पहाटेपासून पुन्हा पानांतून पाणी उडवत राहिली होती आणि हललेल्या मुळांना तेवढं ओढता येत नव्हतं.

"आमच्याकडे दिवे नसतात, म्हणून तुझ्या डोक्यात आलं नाही," आई म्हणाली. "बाकी हात चांगला लागलाय. काही उपटू नकोस." आणि तिने फोन ठेवला.

मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने वर बघितलं आणि एक शिवी हासडली, ती स्वतःला. "सगळे बंद करू?"

"नाही. फुलावर येतील. टोकाची एकच ओळ ठेव, तीही वर उचलून. दिवस लांब राहील, ताप लागणार नाही. आणि खाली फरशी ओली करू, हवेत दमटपणा येईल."

दिवसभरात तिघा-चौघांनी येऊन सुचवलं, की थोडं खत देऊन बघू, थोडी पानं कापून बघू. मी प्रत्येकाला नाही म्हणाले. दुपारी म्हाताऱ्याने दारावर कागद चिकटवला: हात लावू नये. खाली माझी सही घ्यायला आला.

संध्याकाळपर्यंत वरची कोवळी पानं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अडतीस रोपं ताठ उभी होती. दोन रोपांना आणखी चार दिवस लागले. आठवड्याने कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळी डोकावली तेव्हा मी दिव्यांची दुसरी ओळ चालू केली.

आईशी भांडण रविवारी झालं. व्हिसाचं काय, पोलीस आले तर काय, लोक काय म्हणतील. मी परवान्याचा कागद वाचून दाखवला, प्रत्येक ओळीचं मराठी करून. ती शांत झाली आणि मग तिने विचारलं, "तुमच्याकडे एका ट्रेमध्ये किती कप असतात?"

पुढच्या वेळी चारशे रोपं होती. मी आणि म्हातारा ती हलवायला समोरासमोर बसलो. दिवे आदल्या दिवशीच वर उचलले होते. त्याच्या बोटांचे सांधे सुजलेले, तरी तासाभरात तो माझ्या पुढे गेला.