टाचणी आणि पॅटर्नची शेड

माझ्या भाचीला घरात आणि कारखान्यात सगळे टाचणी म्हणतात. लहानपणी ती इतकी बारीक होती की उभी राहिली तर दिसायची नाही आणि बोलली तर टोचायची. आता तिशी ओलांडली, तरी दोन्हींत फारसा फरक नाही. तिची आई, म्हणजे माझी बहीण, लवकर गेली. तेव्हापासून ती आमच्याकडे. तिला वाढवलं तिच्या मामीने. मी फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, होतो. सकाळी जायचो आणि अंगभर काळी वाळू घेऊन परत यायचो.

फाउंड्रीत वितळलेलं लोखंड, म्हणजे रस, वाळूच्या साच्यात ओततात. वाळूत आकार उठवायला आधी लाकडाचा नमुना लागतो. त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. ओतून झालं की साचा मोडायचा. पॅटर्न मात्र जपायचा, कारण गिऱ्हाईक पुन्हा येतं. अशा पॅटर्नची एक लांबलचक शेड कारखान्याच्या मागे आहे. चाकं, पुल्या, पंपांची पोटं, सगळं लाकडाचं, छपरापर्यंत रचलेलं. वरच्या काचेतून दुपारचं पिवळं ऊन आत येतं. त्यात भुशाची धूळ तरंगत राहते, खाली बसायचं नाव घेत नाही. टाचणी शाळा सुटली की माझा डबा घेऊन यायची आणि माझं जेवण होईपर्यंत एखाद्या मोठ्या चाकाच्या आऱ्यांमध्ये झोपून जायची. उठल्यावर सांगायची, "मामा, ही चाकं झोपेत फिरतात."

"फिरू देत. तू डबा उचल."

पुढे ती कॉम्प्युटर शिकली, बाहेर नोकऱ्या केल्या, आणि मी निवृत्त झाल्यावर त्याच शेडच्या कामावर आली. कोणता पॅटर्न कुठल्या फळीवर आहे, हे तोवर फक्त स्टोअरकीपरच्या डोक्यात होतं. कारखान्याला ते सर्व्हरवर, म्हणजे कुणालाही विचारता येईल अशा एका कॉम्प्युटरवर, हवं होतं. बोली अशी: टाचणीने शोधाचं पान बांधायचं. स्टोअरकीपरने ते वापरायला घेतलं तर ती कायम. नाही घेतलं तर हिशेब मिटला. मग दूरच्या शहरातली नोकरी होती, पण तिथे जायची तिची इच्छा नव्हती. ती हे कुणाला बोलली नाही. मामी तर तो विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायची.

मला रिकामं बसवत नाही. दुपारी मी शेडमध्ये जाऊन टाचणीच्या टेबलाशेजारी बसायचो. नोंदी तिने आधीच सर्व्हरमध्ये भरल्या होत्या. तिने 'पुली' लिहून विचारलं. उत्तर पापणी लवायच्या आत आलं, पण कसं? कंस, त्यात कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, सगळं एकमेकांना चिकटलेलं.

"हे वाचायचं कसं गं?"

"वाचायचं नाहीच, मामा. हा नुसता रस आहे. अजून ओतायचाय."

ओतायचं ते टेम्प्लेटमध्ये. टेम्प्लेट म्हणजे आधी लिहून ठेवलेलं पान. मथळा, रेघा, 'फळी', 'माप' असे शब्द जागच्या जागी, आणि मध्ये रिकाम्या जागा. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सांगून ठेवावं लागतं की उत्तर कच्चं देऊ नकोस, टेम्प्लेटमधून दे. टेम्प्लेट या फोल्डरमध्ये आहेत. कोणतं ते सांगितलं नाही तर हे उघड. ऐकायला सोपं. करायला नाही. पहिल्यांदा सर्व्हर सुरूच होईना. पान सजवणारा भाग सुरुवातीलाच आत घ्यायचा असतो, ते तिने सांगितलं नव्हतं. ते सांगितलं, तर पान उमटलं. पण ज्या नोंदीत काही भरलेलं नव्हतं तिथे त्या रिकाम्या जागेचंच नाव छापून आलं, पुढे डॉलरचं चिन्ह लावून.

"हे काय, पैसे मागतंय का?"

"भरायला काही मिळालं नाही की स्वतःचं नाव सांगतं. लहान मुलं नाही का, वर्गात काही विचारलं की नावच सांगून बसतात."

तिने त्या नावापुढे आणखी एक खूण केली. मग ती जागा गप्प राहायला लागली. अशा कामाला दिवस जातात. बघणाऱ्याला वाटतं, बाई नुसती बसलीय.

मला तिथे डुलकी लागायची. बटणांची टकटक दूर जायची आणि शेड हलकी व्हायची, पाण्यावर ठेवल्यासारखी. सर्व्हर मला माणसासारखा दिसायचा. अनवाणी, हातात दिवा नाही, तरी मांडणीमांडणीतून चालतोय आणि एकेका पॅटर्नच्या कानाशी वाकून नाव विचारतोय. लाकडी चाकं कूस बदलून आपापली नावं सांगतायत. काहींना आठवत नाही. ती नुसती बघतात. जाग आली की ऊन टेबलावरून जमिनीवर सरकलेलं असायचं आणि टाचणी तशीच पाठ ताठ करून बसलेली.

दाखवायचा दिवस आला. स्टोअरकीपर माझ्याहून लहान, पण चेहरा असा की सगळं जग त्याच्याकडे उसनं मागायला आलंय. त्याने गिऱ्हाइकाची मोडलेली पुली टेबलावर ठेवली. टेपने माप घेतलं. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एका बोटाने 'पुली' लिहिलं.

पान उघडलं. सुरेख दिसत होतं. तो बोट लावून एकेक माप वाचत खाली गेला. पुन्हा वर आला. पुन्हा खाली.

"नाही."

"काय नाही, काका?"

"या मापाची पुली नाही. आणि आहे, हे मला माहीत आहे. मीच ठेवलीय. तुझ्या सर्व्हरला कमी दिसतं, पोरी."

"पुन्हा बघा ना."

"दोनदा बघितलं. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी असं बघत बसू? दिसायला छान आहे. आमच्या कामाचं नाही."

चष्मा परत कपाळावर गेला. मी तोंड उघडलं तर टाचणीने हातानेच मला थांबवलं. उठली, मांडणीकडे गेली आणि स्टोअरकीपर म्हणत होता तो पॅटर्न छातीशी धरून घेऊन आली. मोडक्या पुलीशेजारी ठेवला. दोन्ही एका घडणीचे, पण लाकडाचा अंगाने जरा मोठा, थोरल्या भावासारखा.

ती बघत राहिली. मग खुर्चीत बसली आणि चक्क हसायला लागली.

"काका, हे माझ्या घराचं माप आहे."

लोखंड गार होताना आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. प्रत्येक नोंदीत दोन मापं होती, एक लाकडाचं आणि एक लोखंडाचं. टेम्प्लेटमध्ये 'माप' या शब्दापुढे तिने लाकडाचं ओतलं होतं. मोल्डरच्या घरात जेवताना मापाची गोष्ट निघाली तर ती लाकडाचीच. मामी कापड बेततानाही आधी धुण्यात आटेल तेवढं धरते आणि त्यालाच माप म्हणते. टाचणीला दोन्ही मापं तोंडपाठ होती. पण हात गेला तो घरच्याच मापाकडे. गिऱ्हाईक काउंटरवर आणतं आणि स्टोअरकीपर मोजतो ते मात्र लोखंड.

सर्व्हरला तिने हातही लावला नाही. नोंदी जिथल्या तिथे. टेम्प्लेटमधली एक ओळ बदलली आणि पान पुन्हा उघडलं. तीच उत्तरं, त्याच क्रमाने, पण अंग चोरून बसल्यासारखी. शेडमध्ये काहीच हललं नव्हतं, आणि मला मात्र सगळी चाकं एकदम जरा बारीक झाल्यासारखी वाटली.

स्टोअरकीपरने बोट लावलं. मोडक्या पुलीच्या मापावर येऊन थांबला.

"हं. फळीही बरोबर आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि तुमचे मोल्डर आले म्हणजे? त्यांना लाकडाचंच लागणार. मग माझ्या नावाने शंख."

"त्यांना दुसरं टेम्प्लेट," टाचणी म्हणाली. "त्यांच्या खात्यातल्या कॉम्प्युटरवरून विचारलं की ते उघडेल. सर्व्हर तोच, उत्तरही तेच. पान वेगळं."

"कधी करशील?"

"आज संध्याकाळपर्यंत."

"आज नको. घाईचं काम मला चालत नाही. पुढच्या आठवड्यात दे, पण असं दे की मला कुणाला विचारायला लागू नये."

"पुढच्या आठवड्यात मी इथे असेन का, काका?"

"नसशील तर कोण करणार? मी?" त्याने फोन उचलला आणि वरच्या साहेबांना सांगितलं, "पान घेतलं वापरायला. पोरीला ठेवा. नाही, दोष आहेत. ते काढायलाच ठेवा."

फोन ठेवून तो पुली काखोटीला मारून गेला. टाचणीने नवी फाइल उघडली आणि पहिली ओळ लिहायला घेतली.

"मामा, तू घरी जा. मामीला सांग."

"तूच सांग की."

"मला काम आहे."

तिचं खरं होतं. मी उठलो.