मागच्या नांगरावरचा माणूस

आधीच सांगून टाकतो. इथले अनुभव मी वाचतो ते दुपारच्या चहाबरोबर, टाइमपास म्हणून. आणि निम्म्याहून जास्त वेळा मनात म्हणतो, काय फेकतोय हा! भूत, करणी, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नव्हता. आजही नाही. तरी लिहितोय, कारण लोक माझं कौतुक करतायत आणि आता ते मला सहन होत नाही.

मी नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात राहतो. वय सेहेचाळीस. घरी बसून कॉम्प्युटरवर मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग्ज करून देतो. बायको सीमा विरारला शाळेत शिकवते. तिसरे अण्णा, माझे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

अण्णा नेव्हीत होते. साधे खलाशी म्हणून लागले आणि नोकरीतली अकरा वर्षं एकाच जहाजावर काढली. जहाजाचं नाव देत नाही, पण प्रकार सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं ते जहाज. बाकीची जहाजं जमिनीला घाबरतात, हे मुद्दाम वाळूवर चढतं. नाक दोन बाजूंना उघडतं, आतून फळी खाली येते आणि पोटातले रणगाडे बाहेर. तळ सपाट, त्यामुळे खुल्या समुद्रात भयंकर हलतं. स्वयंपाकीसुद्धा बादली घेऊन बसायचा म्हणे.

पण चढलं की उतरायचं कसं? तर किनारा थोडा दूर असतानाच मागच्या बाजूने एक नांगर समुद्रात सोडतात. त्याची जाड वायर सोडत सोडत जहाज पुढे वाळूवर जातं. काम झालं की विंच चालू करून ती वायर गुंडाळायची, म्हणजे जहाज स्वतःला मागे ओढून घेतं. त्या मागच्या विंचवर अण्णा. अकरा वर्षं. “सगळे पुढे बघणार, दार, रणगाडे, फोटो,” असं सांगायचे. “मी एकटा पाठ करून. एकसुद्धा लँडिंग मी बघितलेलं नाही रे.” आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून विंचवर हाताच्या खुणा चालतात. तर्जनी वर करून गोल फिरवली की ओढ. मूठ वळली की थांब. लहानपणी मी सायकल मागे घेत असलो तरी अण्णा अंगणातून ह्याच खुणा करायचे, आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं किती, कुणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणतात, “बोलत राहा त्यांच्याशी.” बोलत राहतो. सीमा शाळेत, मी घरी, त्यामुळे डायपर, अंघोळ, औषधं, व्यायाम, सगळं माझ्याकडे. पहाटे पाचला सुरू. पहिल्या सहा महिन्यांत मी रडायचो, चिडायचो. मग तेही बंद झालं. काही वाटेनासंच झालं. सीमा म्हणायची, “अरे, तू भिंतीसारखा झालायस, काही तरी बोल.” मी म्हणायचो, “काय बोलू?”

तर गेल्या वर्षी ते जहाज रिटायर झालं. थंडी सरत आली होती. जहाज सेवेतून काढताना सूर्यास्ताला त्याच्यावरचा झेंडा शेवटचा उतरवतात. लांब, दुसऱ्या किनाऱ्यावर कार्यक्रम होता, अण्णांना नेणं शक्यच नव्हतं. अण्णांसोबत जहाजावर असलेले कदम काका निघायच्या आधी फोनवर म्हणाले, “त्याला निदान समुद्र तरी दाखव रे त्या दिवशी. आणि मी जहाजाचा सगळा इतिहास लिहून पीडीएफ केलाय, तो वाचून दाखव.”

म्हणून राजोडीचा किनारा. दुपारी दोनच्या सुमाराला वॉचमनच्या मदतीने अण्णांना गाडीत पुढे डाव्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला आणि नंदाखालवरून केळीच्या वाड्यांतून खाली उतरलो. मधला वार होता, बीचवर चिटपाखरू नाही. व्हीलचेअर वाळूत चालत नाही. ओहोटी होती, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट दिसत होती. मी गाडी सरळ वाळूवर घातली. दर महिन्याला कुणाची ना कुणाची गाडी तिथे रुतते, फोटो फिरतात, आम्हीच हसतो त्यांना. तरी घातली. पाण्यापासून वीसेक पावलांवर, नाक समुद्राकडे करून उभी केली. हँडब्रेक ओढला, अण्णांची काच खाली केली.

मग मी मोबाइलवर जहाजाचा इतिहास वाचायला लागलो. कदम काकांनी जीव ओतून लिहिलं होतं हो! कारखान्यात बांधणी, पहिला झेंडा, पहिला कप्तान. बेटांवर तांदूळ आणि डिझेलची पिंपं नेली. वादळानंतर एका गावात धक्काच उरला नव्हता, तेव्हा जहाज सरळ वाळूवर चढवलं आणि म्हाताऱ्या, बकऱ्या, गाद्या, सगळं त्या रणगाड्यांच्या जागेत भरून आणलं. तिथेच एक बाई बाळंत झाली. कोणत्या बंदराला किती दिवस, कोण आजारी, कोणाची बढती. अण्णा समोर समुद्राकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण स्ट्रोकनंतर ते असंही येतं. मी वाचत राहिलो. कप्तानांची यादी होती, इंजिनवाल्यांची होती. मागच्या विंचवर कोण होतं ते कुठेच नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं... नाही वाटलं. पुढचं पान काढलं.

वाचता वाचता भरती सुरू झाल्याचं मला कळलंच नाही. वर बघितलं तर पाणी पुढच्या चाकांना लागलेलं.

गाडी चालू करून रिव्हर्स टाकला. चाक जागच्या जागी फिरलं आणि गाडी आणखी खाली बसली. परत. परत. मग इंजिन बंद केलं, हँडब्रेक परत ओढला, चावी काढली, उतरलो. पाणी घोट्यापर्यंत. मदतीसाठी सुरूच्या झाडांकडे पळालो, हाका मारल्या. कुणी नाही. लांब, मासे वाळत घालायच्या बांबूंपाशी एक बाई दिसत होती, तिच्यापर्यंत आवाज जाईना. परत वळलो.

आता खरं ते लिहितो.

गाडीपासून चाळीसेक पावलांवर मी थांबलो. पाणी पुढच्या दाराच्या निम्म्यावर आलं होतं, बॉनेटवर लाटा फुटत होत्या. अण्णा आत, बेल्ट लावलेले. मला त्यांना काढता आलं नसतं असं नाही. रोज काखेत धरून बाथरूमपर्यंत नेतोच की! बेल्ट सोडायचा, ओढायचं, बस्स. पण मी उभा राहिलो. घाबरलो होतो म्हणाल तर तेही नाही. छातीत धडधडसुद्धा नव्हती. डोक्यात एकच गोष्ट आली — उद्या पाचला उठावं लागणार नाही. तीही अशी आली, जशी आज दूध आणायचंय हे आठवावं.

किती वेळ उभा होतो? दोन मिनिटं असतील, तीन असतील.

मग खिडकीतून अण्णांचा डावा हात बाहेर आला. वर झाला. तर्जनी गोल फिरायला लागली, सावकाश. मान त्यांनी खिडकीतून मागे वळवली होती, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या पलीकडे, वर झाडांकडे बघत होते.

आणि गाडी हलली.

मागे. चढावर. लाटेने नाही. लाट मागे सरत होती तेव्हाही गाडी येत होती, एका चालीने, माणूस रमतगमत चालतो तशी. इंजिन बंद. चावी माझ्या खिशात. हँडब्रेक वर, त्यामुळे मागची चाकं फिरत नव्हती, वाळू फाडत घसरत होती. कोणी दिसत नव्हतं, दोर दिसत नव्हता. मी बाजूला झालो म्हणून, नाहीतर अंगावर आली असती. गाडी माझ्या शेजारून गेली, हात लांब केला असता तर लागली असती. अण्णांचा चेहरा खिडकीत होता, बोट फिरतच होतं. तेवढ्यात, माझ्यासमोरून जाताना, त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, आणि परत मागे बघायला लागले.

सुरूच्या झाडांशी कोरड्या वाळूत आल्यावर त्यांनी मूठ वळली. गाडी थांबली.

मग मी वाळूत बसलोच. पाण्यापासून गाडीपर्यंत चाकांचे दोन चर गेले होते, आणि त्यांच्या बरोबर मधून तिसरी एक रेघ, बोटभर रुंद, पट्टीने मारावी तशी सरळ. ती गाडीच्याही पुढे झाडांत जात होती. तिच्यामागे मी गेलो. तिसऱ्या झाडाशी ती संपली. तिथे काहीच नव्हतं.

तोवर ती मासेवाली बाई धापा टाकत आली. तिला फक्त गाडी वर येताना दिसली होती.

“आयव! पानी किती चढला होता! कोनी काढली रं गाडी? ट्रॅक्टर तं कुठं दिसत नाय.”

मी गाडीशी जाऊन अण्णांचा बेल्ट सोडला.

“एकट्यानंच ढकललीस काय?”

मी म्हणालो, “हो.”

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. “देव पावला रं बाबा तुला. बापाला वाचवलास.” मग तिनेच अण्णांना पाणी पाजलं, पदराने तोंड पुसलं आणि सगळ्या राजोडीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आचोळ्यातला गॅरेजवाला गाडीखाली जाऊन ओरडला, “भाईसाब, पीछे से किसने खींचा? हुक टेढ़ा हो गया. और ये इतना ग्रीस किधर से आया?” मी वाकून बघितलं. काळं, घट्ट ग्रीस. वास ओळखीचा होता. सुट्टीवर घरी आले की अण्णांच्या बॅगेला हाच वास असायचा. मी त्याला म्हटलं, पुसून टाक.

गाडी आपोआप वर आली, एवढंच एक-दोन परक्यांना सांगितलं, तर समजावणारे भेटले. पाण्याने गाडी तरंगली असेल, म्हणे. तरंगेल, पण चढावर, कोरड्या वाळूत, ब्रेक लावलेला असताना? कुणाला तरी तुम्ही बघितलंच नसेल, म्हणे. असेल. मला खरंच माहीत नाही. अण्णांना शंभरदा विचारलं, ते भिंतीकडे बघतात.

कदम काकांनी मात्र इतिहासाच्या शेवटी एक परिच्छेद जोडला. जहाजाचा झेंडा उतरला त्याच दिवशी आपल्या जुन्या सहकाऱ्यावर प्रसंग आला आणि त्याच्या मुलाने जिवाची पर्वा न करता वडिलांना वाचवलं, असं काहीसं. आता जहाजावरच्या सगळ्यांचा मेळावा आहे, तिथे माझा सत्कार करायचाय. परवा काका फोनवर म्हणाले, “तू नाही म्हणायचं नाहीस. अकरा वर्षं तुझ्या बापाचं नाव कुठे आलं नाही, तुझ्यामुळे आलं बघ.” मी “बघतो” म्हणून फोन ठेवला. काकांनी हे वाचलं तर वाचू देत.

गाडी कुणी ओढली याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण एक गोष्ट आहे, तिचं उत्तर मला कुणाला विचारावं लागत नाही. राजोडीहून आलो त्या रात्रीपासून अण्णा माझ्या हातून जेवत नाहीत. सीमाने भरवलं की खातात. शेजारच्या काकू आल्या तर त्यांच्याही हातून खातात, मऊ भात, आमटी, सगळं. मी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेतात आणि वाट बघतात. सीमा हसून म्हणते, “तुझा हात जड आहे रे, हळू भरव ना.” डॉक्टर म्हणतात, स्ट्रोकच्या पेशंटमध्ये असं होतं कधी कधी, मनावर घेऊ नका.

सीमाला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती शाळेतून येईपर्यंत दुपारचं ताट झाकून ठेवतो.